केडगावचं मुक्ती सदन : दुष्काळातून आणलेल्या मुलींचं पुढं काय झालं

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केडगाव स्टेशन लागतं. तिथून जवळच पंडिता रमाबाईंनी उभारलेली मुक्ती मिशन (तेव्हाचं मुक्ती सदन) ही संस्था आहे, आणि ती आजही चालू आहे. या संस्थेची ओळख आपल्याकडे साधारण दोन तऱ्हांनी होते. एक म्हणजे शाळेच्या पुस्तकातला छोटा परिच्छेद, दुसरी म्हणजे धर्मांतराचा वाद. मला तिसऱ्या बाजूनं जायचं आहे. अनाथ, उपाशी, कुणीही वाली नसलेल्या शेकडो मुली एकदम अंगावर आल्या तेव्हा एका ख्रिस्ती संस्थेनं नेमकं काय केलं, कोणत्या क्रमानं केलं आणि त्यातलं काय टिकलं, एवढंच इथं बघायचं आहे. काळ घेतला आहे तो मुख्यतः १८९६ ते १९०५.

आधी दुष्काळ. १८९६ च्या पावसानं मध्य प्रांत, बुंदेलखंड, उत्तरेतला मोठा पट्टा आणि दख्खन एवढा मुलूख कोरडा ठेवला. धान्य सगळीकडून नाहीसं झालं नव्हतं. ते रेल्वेनं येत-जात होतं, पण त्याचा भाव मजुराच्या हाताबाहेर गेला होता. सरकारकडे तोवर दुष्काळ संहिता तयार होत्या. त्यांचा हिशेब सरळ होता. ज्याच्या अंगात बळ आहे त्यानं खडी फोडावी, रस्त्यावर किंवा तलावाच्या कामावर माती वाहावी आणि मजुरी घ्यावी. ज्याला काम झेपत नाही त्यानं सरकारी गरीबखान्यात जाऊन शिजवलेलं अन्न खावं. ही सगळी योजना कुटुंब धरून आखलेली होती. बाप खडी फोडणार, आई पाट्या वाहणार, पोरं सोबत असणार. आईबाप वाटेतच गेलेली दहा-बारा वर्षांची मुलगी या हिशेबात कुठं बसत नव्हती. ती गरीबखान्यात पोचली तरी रात्री तिच्यावर नजर ठेवणारं कुणी नसे, आणि नजर असलेली माणसं मात्र आसपास घुटमळत असत. मुली पळवून नेणाऱ्या, विकत घेणाऱ्या माणसांबद्दल रमाबाईंनी तिथून परतल्यावर उघडपणे लिहिलं.

रमाबाई तेव्हा पुण्यात शारदा सदन चालवत होत्या. ११ मार्च १८८९ ला मुंबईत सुरू झालेली ही शाळा पुढच्याच वर्षी पुण्यात आली होती. उच्चवर्णीय बालविधवांसाठी ती होती आणि अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशननं दहा वर्षं पैसा पुरवायचं कबूल केलं होतं. म्हणजे दुष्काळातल्या मुली हे शारदा सदनचं काम नव्हतंच. त्यासाठी ना जागा होती, ना निधी. तरीही १८९७ च्या सुरुवातीला त्या मध्य प्रांतात गेल्या.

त्या का गेल्या याचं उत्तर त्यांच्या स्वतःच्या लहानपणात आहे, आणि या प्रकरणाची किल्लीही मला तिथंच सापडते. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. तीर्थक्षेत्री पुराणं सांगत कुटुंब गावोगाव फिरायचं. १८७० च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला तेव्हा आधी भांडी, दागिने, कपडे गेले आणि मग पोटाला काही उरलं नाही. पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजूर यांवर काढलेल्या दिवसांबद्दल त्यांनी पुढं लिहिलं आहे. वडील गेले, आई गेली, बहीणही गेली. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. हे सांगताना त्यांनी एक गोष्ट अगदी स्पष्ट नोंदवली आहे. भीक मागायची लाज वाटत होती, हलकं काम करायची सवय नव्हती आणि प्रामाणिकपणे चार पैसे मिळवायचा एकही व्यवहारी मार्ग घरात कुणाला ठाऊक नव्हता. हजारो श्लोक मुखोद्गत असलेलं कुटुंब उपाशी मेलं, कारण हाताला कसब नव्हतं. मुक्ती सदनात पुढं जे घडलं त्यातला निम्मा भाग या अनुभवातून आलेला आहे असं माझं मत आहे. उरलेला निम्मा त्यांच्या ख्रिस्ती श्रद्धेतून आला, आणि तो नाकारण्यात काही अर्थ नाही.

मध्य प्रांतातून त्यांनी सुमारे ३०० मुली आणल्या. आणल्या हे क्रियापद लिहायला सोपं आहे. प्रत्यक्षात त्या मुलींच्या अंगावर हाडं आणि कातडी एवढंच होतं. जखमा, खरूज, उवा, हागवण, तोंड आलेलं. महिनोन्‌महिने उपाशी राहिलेल्या शरीराला एकदम पोटभर जेवण झेपत नाही, ते उलट जिवावर बेतू शकतं. म्हणून अन्न समोर असूनही ते बेताबेतानं द्यावं लागतं. आणि भुकेची धास्ती घेतलेलं मूल ताटातलं सगळं एका दमात संपवायला बघतं, पुढच्या वेळेसाठी लपवून ठेवतं, शेजारच्या मुलीच्या ताटावर झडप घालतं. अनाथालयात ज्यांनी काम केलं आहे त्यांना हे वर्णन परकं वाटणार नाही. आणलेल्या सगळ्याच मुली वाचल्या नाहीत. पहिल्या वर्षांत मृत्यू बरेच झाले.

त्यातच पुण्यात प्लेग शिरला. १८९७ चा पुण्याचा प्लेग म्हटलं की आपल्याला घरझडती, सोजिरांचा उच्छाद आणि २२ जूनचा रँडचा खून आठवतो. त्याच काळात रमाबाई शहरात शेकडो मुली ठेवू बघत होत्या. अर्थातच अधिकाऱ्यांनी एवढी गर्दी शहरात ठेवू दिली नाही. शिवाय सरकारी प्लेग रुग्णालयात बायकांचे जे हाल होत होते त्याबद्दल रमाबाईंनी ‘बाँबे गार्डियन’मध्ये पत्र लिहून जाहीर तक्रार केली. प्रश्न थेट ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेला आणि मुंबईच्या गव्हर्नरांनी त्यांचं म्हणणं फेटाळलं. मिशनरी म्हणजे सरकारचं माणूस, असं ज्यांना वाटतं त्यांनी हा प्रसंग जरूर ध्यानात घ्यावा. रमाबाई सरकारलाही नकोशा झाल्या होत्या आणि समाजालाही.

मुलींना न्यायचं कुठं हा प्रश्न केडगावच्या जमिनीनं सोडवला. सुमारे १०० एकरांची ही जमीन त्यांनी आधीच घेऊन ठेवली होती. फळबाग लावायची आणि तिच्या उत्पन्नावर शारदा सदन चालवायचं असा मूळ बेत होता, कारण अमेरिकेतली मदत दहा वर्षांनी थांबणार हे ठरलेलंच होतं. तर बागेसाठी घेतलेल्या या माळावर तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. पक्क्या इमारती मागाहून झाल्या. १८९८ मध्ये तिथं मुक्ती सदन रीतसर सुरू झालं. घाईच्या वेळी जागा हाताशी होती ती दूरदृष्टीनं दुसऱ्याच कारणासाठी घेतलेली होती. संस्था चालवणाऱ्यांनी या गोष्टीचा विचार करावा असं मला नेहमी वाटतं. आपत्ती आल्यावर जमीन शोधायला निघालं तर मुलं तोवर टिकत नाहीत.

मग १८९९ ला पाऊस पुन्हा हरवला. या वेळी गुजरात, काठेवाड, राजपुताना. विक्रम संवत १९५६ चा तो दुष्काळ तिकडं अजून ‘छप्पनियो’ म्हणून ओळखला जातो. मुक्तीतल्या कार्यकर्त्या आता गुजरातेत गेल्या आणि तिथून शेकडो मुली आल्या. १९०० च्या सुमाराला केडगावात राहणाऱ्यांची संख्या १,५०० च्या वर गेली होती.

१,५०० माणसं म्हणजे काय? माणशी दिवसाला अर्धा किलो धान्य धरलं तरी रोज साडेसात क्विंटल लागतं. ते विकत आणायचं, निवडायचं, दळायचं, भाजायचं. पाणी नदीचं नाही, विहिरींचं, आणि तेही दुष्काळी पट्ट्यात. म्हणून पहिला मोठा खर्च विहिरी खणण्यावर झाला. एवढी माणसं एका जागी आली की शौचाची व्यवस्था, सांडपाणी आणि आजाऱ्यांना वेगळं ठेवणं यांत थोडी ढिलाई झाली तरी पटकी सगळी वस्ती घेऊन जाते. दया हा शब्द आपण फार हळुवारपणे वापरतो. केडगावातली दया रोज पहाटे उठून चूल पेटवत होती आणि धान्याचं कोठार मोजत होती.

हे सारं कुणी केलं? पगारी माणसं थोडीच होती. मिनी एब्रम्स या अमेरिकन मेथडिस्ट मिशनरी बाई रमाबाईंच्या उजव्या हात होत्या. रमाबाई १८९८ मध्ये अमेरिकेला गेल्या तेव्हा केडगावचा भार त्यांनीच पाहिला. पुढं रमाबाईंची मुलगी मनोरमाही शिकून परत आली आणि तिनं शाळेचा मोठा भाग उचलला. पण मुलींना खरं सांभाळलं ते शारदा सदनातल्या थोरल्या मुलींनी. या त्या बालविधवा होत्या, ज्यांना घरच्यांनी केस काढून अडगळीत बसवलं होतं आणि ज्या आता लिहू-वाचू शकत होत्या. त्यांच्या हाताखाली दुष्काळी मुलींचे गट दिले गेले. न्हाऊमाखू घालणं, जखमा धुणं, रात्री शेजारी झोपणं, सकाळी अक्षरं गिरवून घेणं हे त्यांनी केलं.

मला हा सगळ्या प्रकरणातला सर्वांत मोलाचा निर्णय वाटतो. कालपर्यंत स्वतः मदत घेणारी मुलगी आज दुसऱ्या मुलीला सांभाळू लागते, तेव्हा तिची स्वतःकडे बघायची नजर बदलते. पण यात आणखी एक गोष्ट घडली, जिच्याकडं फारसं लक्ष जात नाही. शारदा सदनात जातीचे नियम पाळण्याची मुभा होती. स्वयंपाक वेगळा, सोवळं वेगळं, कारण उच्चवर्णीय घरांनी मुली पाठवाव्यात यासाठी ते आवश्यकच होतं. दुष्काळातून आलेल्या मुली मात्र सगळ्या जातींच्या होत्या, त्यातल्या बऱ्याच तथाकथित खालच्या जातींच्या. ब्राह्मण घरात वाढलेल्या बालविधवेनं खरजेनं भरलेल्या अशा मुलीचं डोकं मांडीवर घेऊन उवा काढायच्या, तिच्याच पंगतीला बसायचं, हे १८९७ साली पुण्यापासून तीस-चाळीस मैलांवर घडत होतं. भाषणं न करता घडत होतं.

शिक्षणाची आखणीही विचारपूर्वक होती. रमाबाईंनी अमेरिकेत असताना फिलाडेल्फियात जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रबेलच्या बालोद्यान पद्धतीचा अभ्यास केला होता. लहान मुलाच्या हाताला काम दिलं की त्याची बुद्धी जागी होते, हे त्या पद्धतीचं सूत्र. केडगावात लहानग्यांना वस्तू हाताळत शिकवलं जाई आणि मोठ्यांना अर्धा वेळ शाळा, अर्धा वेळ उद्योग. उद्योगांची यादी बरीच मोठी होती. शेती, गोठा, हातमागावर विणकाम, शिवण, तेलाचा घाणा, धुलाई, बेकरी. आंधळ्या मुलींसाठी ब्रेलमधून शिकवण्याची सोय झाली आणि त्याही विणकामात आल्या. मुलींच्या बरोबरीनं सदानंद सदन या नावानं मुलांसाठीही घर झालं. ज्यांना समाज ‘वाट चुकलेल्या’ म्हणे अशा बायकांसाठी कृपा सदन, म्हाताऱ्या आणि अपंग बायकांसाठी प्रीती सदन.

उद्योगांपैकी छापखाना जरा जवळून बघण्यासारखा आहे. तेव्हाचा छापखाना म्हणजे शिशाचे खिळे, म्हणजे सुट्या अक्षरांचे ठसे. लाकडी केसमध्ये शेकडो लहान खण, आणि देवनागरीसाठी ते इंग्रजीच्या कितीतरी पट जास्त, कारण काना-मात्रा वेगळ्या, रफार वेगळा, जोडाक्षरांचे तुकडे वेगळे. कंपोझिटर मुलीनं उजव्या हातानं एकेक खिळा उचलून डाव्या हातातल्या स्टिकमध्ये लावायचा, तोही अक्षरं उलटी दिसत असताना. ओळ भरली की फटी बसवून घट्ट करायची, गॅलीत सरकवायची, प्रूफ काढायचं, चुका झाल्या तर चिमट्यानं खिळा काढून दुसरा बसवायचा, आणि छापून झाल्यावर प्रत्येक खिळा धुऊन पुन्हा आपापल्या खणात टाकायचा. जिला वाचता येत नाही तिला हे जमणार नाही आणि जी हे करते तिचं वाचन आपोआप पक्कं होतं. दहा वर्षांपूर्वी गरीबखान्याच्या दारात पडलेल्या मुली या छापखान्यात कामाला लागल्या. रमाबाईंनी वयाच्या उत्तरार्धात हिब्रू आणि ग्रीक शिकून साऱ्या बायबलाचं सोप्या मराठीत भाषांतर केलं, साध्या शिकलेल्या बाईला वाचता यावं म्हणून. ते याच छापखान्यात मुक्तीतल्या बायका-मुलींनी जुळवलं आणि छापलं. पूर्ण बायबल बाहेर पडलं १९२४ मध्ये, रमाबाईंच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी.

या वाटेनं जाणारी मुक्ती ही एकटी संस्था नव्हती. त्याच दुष्काळात अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशननं मोठ्या संख्येनं अनाथ मुलं घेतली. तिथल्या रॉबर्ट ह्यूम यांना दुष्काळातल्या कामासाठी सरकारनं कैसर-इ-हिंद पदक दिलं, आणि त्याच मिशनच्या चर्चिल या अभियंत्यानं सुधारित हातमाग तयार केला. पोटाला अन्न दिल्यानंतर हाताला काय द्यायचं, हा प्रश्न त्या पिढीच्या मिशनऱ्यांनी गंभीरपणे घेतला होता, एवढं यावरून दिसतं. मुक्तीचं वेगळेपण असं की तिथं निर्णय एका मराठी बाईच्या हातात होते, आणि काम करणाऱ्या, शिकवणाऱ्या, हिशेब ठेवणाऱ्या बहुतेक बायकाच होत्या.

आता धर्माचा प्रश्न. तो टाळून हे प्रकरण पुरं होणार नाही.

रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ ला इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. चर्चच्या अधिकाऱ्यांशी मात्र त्यांचं कधीच पुरतं जमलं नाही. काय मानायचं, कुणाला शिकवायचं, हे बिशपांनी सांगावं हे त्यांना मान्य नव्हतं, आणि त्या वादाची पत्रं उपलब्ध आहेत. पुण्यात आल्यावर शारदा सदनात धर्मशिक्षण दिलं जाणार नाही असं ठरलं होतं. पण रमाबाईंची स्वतःची प्रार्थना दार उघडं ठेवून चाले आणि मुली येऊन बसत. १८९३ मध्ये यावरून वादळ उठलं. ‘केसरी’नं झोड उठवली, न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि वीसहून अधिक मुली पालकांनी काढून नेल्या. रमाबाईंची बाजू अशी की मी कुणाला बोलावलं नाही आणि कुणाला हाकललंही नाही. विरोधकांची बाजू अशी की जिच्यावर सगळं अवलंबून आहे तिनं दार उघडं ठेवलं की तेच बोलावणं होतं. मला दुसऱ्या बाजूच्या म्हणण्यात तथ्य दिसतं. मोठ्या माणसाचा जीव लावणारा सहवास लहान मुलावर उपदेशाहून जास्त काम करतो, हे कुठल्याही शिक्षकाला माहीत असतं.

मुक्ती सदनात ही संदिग्धता उरली नाही. ती पहिल्या दिवसापासून उघडपणे ख्रिस्ती संस्था होती. बायबल शिकवलं जाई, प्रार्थना होई, मुलींचे बाप्तिस्मे होत. १९०५ मध्ये तिथं मोठं आध्यात्मिक जागरण झालं, शेकडो मुली दिवस-दिवस रडत, प्रार्थना करत राहिल्या आणि त्याची बातमी जगभरच्या चर्चमध्ये पसरली. धर्म हा तिथं वर लावलेला मुलामा नव्हता. ज्या बळावर रमाबाई आणि त्यांच्या मैत्रिणी पहाटे चारला उठून दुसऱ्यांच्या मुलींच्या जखमा धूत होत्या, ते बळ त्यांच्या दृष्टीनं ख्रिस्ताचंच होतं, आणि ते मुलींपासून लपवून ठेवणं त्यांना खोटेपणा वाटला असता.

तरीही प्रश्न उरतोच. उपाशी, एकट्या, दहा वर्षांच्या मुलीनं अन्न देणाऱ्या हातांचा धर्म स्वीकारला तर त्याला तिची निवड म्हणायचं का? त्या काळातही हा प्रश्न विचारला गेला. दुष्काळी अनाथांना आधी त्यांच्या धर्माच्या माणसांकडे सोपवावं आणि तशी माणसं पुढं आली नाहीत तरच मिशनकडे द्यावं, असा सरकारी संकेत होता. पण गरीबखाना रिकामा करायची घाई झालेल्या अधिकाऱ्याला माणसं शोधत बसायला वेळ नसे. पंजाबात लाला लजपत राय आणि आर्य समाजानं हिंदू अनाथांसाठी चळवळ उभारली, आश्रम काढले. १९०१ च्या दुष्काळ आयोगापुढं लजपत राय यांनी साक्षही दिली आणि अनाथांच्या ताब्याचे नियम नीट व्हावेत हा मुद्दा मांडला.

महाराष्ट्रात चित्र थोडं वेगळं होतं. शारदा सदनच्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक असलेल्या गोदूबाई हिनं १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला आणि १८९६ मध्ये कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. तोच पुढं हिंगण्याला गेला. १९०९ मध्ये रमाबाई रानड्यांच्या पुढाकारानं पुण्यात सेवासदन उभं राहिलं. विठ्ठल रामजी शिंदे यांचं डिप्रेस्ड क्लासेस मिशन १९०६ चं. या संस्थांनी फार मोठं काम केलं. पण १८९७ च्या उन्हाळ्यात मध्य प्रांतातल्या त्या मुलींना, त्यातही खालच्या मानलेल्या जातींतल्या मुलींना, घरात घ्यायला मराठी मुलखातून कोण निघालं होतं याचा शोध घेतला की नावं फार थोडी सापडतात. कर्व्यांच्या आश्रमालाही आरंभी मुख्यतः ब्राह्मण विधवांपुरतंच काम करता आलं, कारण समाज त्याहून पुढं यायला तयार नव्हता. रमाबाईंवर टीका करणाऱ्यांचा प्रश्न मला रास्त वाटतो. मात्र त्या मुलींच्या वतीनं तो विचारण्याचा अधिकार, त्यांना एक घास न देणाऱ्यांना कितपत होता, याबद्दल मी साशंक आहे.

मुक्तीच्या रचनेतला दोष माझ्या मते वेगळ्या जागी आहे. रमाबाईंनी ख्रिस्ताबद्दल शिकवलं हा तो दोष नव्हे, त्यांनी काहीच लपवलं नव्हतं. दोष हा की मुलीला आत येऊन विचारू शकेल असं बाहेरचं कुणी नव्हतं. तुझे नातेवाईक शोधायचे का, तुला इथं राहायचं आहे का, ही प्रार्थना तुला नको असेल तर चालेल का, हे संस्थेशी बांधील नसलेल्या माणसानं विचारायची सोयच नव्हती. आणि ती करणं हे सरकारचं काम होतं. संस्थाचालक कितीही सच्चा असला तरी आपल्याच घरातल्या मुलाचा तो निःपक्ष साक्षीदार होऊ शकत नाही.

आजचा कायदा बरोबर इथं येऊन उभा राहतो. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार निराधार मूल कुणालाही सापडलं तर प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत ते बालकल्याण समितीसमोर आणावं लागतं. मूल कुठं राहील हे समिती ठरवते, संस्था नाही. आधी कुटुंबाचा शोध घ्यायचा, ते शक्य नसेल तर पर्याय, आणि संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय. प्रत्येक मुलाचा सामाजिक तपासणी अहवाल आणि स्वतंत्र काळजी आराखडा हवा. संविधानाच्या २८ व्या अनुच्छेदानुसार सरकारी मान्यता किंवा अनुदान असलेल्या शाळेत धार्मिक शिक्षणाला बसण्याची सक्ती करता येत नाही, आणि मूल अज्ञान असेल तर पालकाची संमती लागते. अनुच्छेद २५ धर्माचा प्रसार करण्याचं स्वातंत्र्य देतो, पण दुसऱ्याचं धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क त्यात येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात म्हटलं. म्हणजे १८९७ साली ज्या प्रश्नाला यंत्रणाच नव्हती त्याला निदान कागदावर आज यंत्रणा आहे. ती जिल्ह्याजिल्ह्यात कशी चालते, समितीच्या खुर्च्या भरलेल्या आहेत की रिकाम्या, अहवाल मुलाशी बोलून लिहिले जातात की एकाच साच्यातून निघतात, हे जो तो आपल्या भागात जाऊन पाहू शकतो, आणि पाहायला हवं.

एका बाबतीत मात्र जुनं केडगाव आजच्या व्यवस्थेच्या पुढं होतं असं मला वाटतं. आज बालगृहातल्या मुलाला अठरा वर्षं पूर्ण झाली की ते कायद्यानं सज्ञान होतं आणि त्याला बाहेर पडावं लागतं. अनुरक्षणगृहाची, म्हणजे बालगृह सुटल्यानंतर राहायच्या जागेची, सोय एकविसाव्या वर्षापर्यंत, अपवाद म्हणून तेविसाव्या वर्षापर्यंत असते, पण अशी गृहं थोडी आणि त्यांतही मुलींसाठी फार थोडी. घर असलेल्या आपल्या मुलांना आपण अठराव्या वाढदिवशी दाराबाहेर काढत नाही, आणि ज्यांना घरच नाही त्यांच्याकडून मात्र आपण त्या दिवसापासून पायावर उभं राहण्याची अपेक्षा करतो.

मुक्तीत असं वय ठरलेलं नव्हतं. काही मुली शिक्षिका झाल्या, काही परिचारिका. काहींची लग्नं झाली. काही तिथंच थोरल्या होऊन नव्या मुलींना सांभाळू लागल्या, आणि ज्यांना बाहेरचं जग झेपणारं नव्हतं, आंधळ्या, पांगळ्या, मनानं मोडलेल्या, त्या आयुष्यभर राहिल्या. १९२१ च्या जुलैत मनोरमा गेली, ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. संस्थेच्या वहीतली मुलींची नावं त्यामुळं बंद झाली नाहीत. विहिरी, घाणा, छापखाना आणि शाळा चालवणाऱ्या बायका तोवर तयार झाल्या होत्या, आणि त्यांच्यातल्या कित्येक जणी छप्पनियाच्या दुष्काळात आगगाडीतून उतरवून आणलेल्या होत्या.